कागद सोबत, नावं घरी: शांततेच्या धरण्याची तयारी

माझ्या कपाटावर सात निळ्या फायली आहेत. एक फाइल म्हणजे एक धरणं, नाहीतर एक मोर्चा. मी ठाण्यात लोकमान्यनगरला राहते आणि घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेचं काम २१ वर्षं करते आहे. एवढ्या वर्षांत भाषणं मोजकीच केली, अर्ज मात्र ढीगभर लिहिले. परवानगीचा अर्ज, स्मरणपत्र, नोटिशीला उत्तर, माहितीचा अर्ज, अपील. हल्ली नव्यानं काम करणारी मुलंमुली फोन करतात आणि बहुतेक एकच विचारतात, ‘ताई, साध्या वेशातले पोलीस सगळ्यांचे फोटो काढतात, घरी येऊन विचारपूस करतात, बायका यायला घाबरतात. काय करायचं?’ फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा बसून लिहून काढते आहे.

लपूनछपून आंदोलन कसं करायचं हे इथे मिळणार नाही. आमच्या धरण्याचा दिवस, वेळ, जागा, मागण्या आम्ही आपणहून पोलिसांना लेखी कळवतो. जपायचं असतं ते दुसरंच. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाईचं नाव, तिचा चेहरा, तिचा नंबर.

आमच्या बायका रोजच नजरेखाली असतात. कॉम्प्लेक्सच्या अ‍ॅपमध्ये त्यांचा फोटो असतो, गेटमधून आत शिरल्या की मॅडमच्या फोनवर घंटी वाजते, निघताना वॉचमनपुढे पिशवी उघडावी लागते. त्यामुळे पोलिसांनी फोटो काढला म्हणून त्या दचकत नाहीत. तो फोटो फिरत फिरत मॅडमपर्यंत पोचेल, ही त्यांची खरी भीती. आणि ती एकदा माझ्याच हातून खरी झाली. आमच्यात वयानं सगळ्यांत मोठी एक बाई आहे, तिला सगळ्या आत्या म्हणतात. धरण्यात ती अगदी पुढे बसली होती, हातात फलक, चेहऱ्यावर ऊन. फोटो फार सुंदर आला होता. मी तो त्याच संध्याकाळी संघटनेच्या पानावर टाकला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेटवर वॉचमन तिला म्हणाला, ‘मावशी, तुमचं नाव काढून टाकलंय.’ अकरा वर्षांचं काम होतं ते. पोलिसांनी यात काहीच केलं नव्हतं, केलं ते मी. त्या दिवसापासून फोटोचा नियम आमच्याकडे परवानगीच्या अर्जाइतकाच कडक आहे. तो पुढे सांगते.

कायदा किती माहीत हवा

वकिलाइतका नाही. पण चार गोष्टी तोंडपाठ हव्यात, कारण समोरचा अधिकारी पहिल्या दोन वाक्यांतच तुमची तयारी ओळखतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ (१) (ख) नं शांततेनं आणि शस्त्राशिवाय एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. त्याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडानं सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी आणि देशाच्या एकात्मतेसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालायची मुभा सरकारला दिली आहे. सगळी ओढाताण ‘वाजवी’ या एका शब्दावर चालते. हिंमतलाल शाह यांच्या अहमदाबादच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १९७२ मध्येच सांगितलं, की रस्त्यावरच्या सभेचं नियमन पोलिसांनी करावं, पण मनाला येईल तशी परवानगी नाकारण्याचा मोकाट अधिकार त्यांना असू शकत नाही. दुसरीकडे शाहीन बागेच्या प्रकरणात २०२० मध्ये त्याच न्यायालयानं म्हटलं, की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही. दोन्ही लक्षात ठेवा. पहिला निकाल सांगताना दुसरा दडवला, की समोरचा तोच काढून दाखवतो.

आपल्याकडे खरा रोजचा अडसर वेगळाच आहे: महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७. ठाणे आयुक्तालयाच्या हद्दीत पोट-कलम (३) खालचा मनाई आदेश एकावेळी पंधरा दिवसांचा निघतो, आणि संपला की बहुधा दुसरा निघतो. पाच किंवा जास्त माणसांनी परवानगीशिवाय जमू नये, मिरवणूक काढू नये, असा त्याचा मजकूर असतो. लोक याला सरसकट ‘१४४’ म्हणतात, पण ते जुन्या फौजदारी संहितेचं कलम. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे. कुणी ‘जमावबंदी आहे’ म्हटलं तर शांतपणे विचारा, ‘साहेब, कुठल्या कायद्याखाली? आदेशाची तारीख काय? प्रत बघायला मिळेल का?’ काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या निकालात, जानेवारी २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की असे आदेश प्रसिद्ध करावे लागतात आणि रास्त मतप्रदर्शन दडपायला ते वापरता येत नाहीत.

आणि एक निकाल छापून फाइलीत पहिल्या पानावर लावा. बीड जिल्ह्यातल्या माजलगावला काही लोकांना नागरिकत्व कायद्याविरुद्ध ईदगाह मैदानात संध्याकाळी शांतपणे बसायचं होतं. याच कलम ३७ च्या आदेशाकडे बोट दाखवून त्यांना परवानगी नाकारली. औरंगाबाद खंडपीठानं फेब्रुवारी २०२० मध्ये ती नकाराची पत्रं आणि तो आदेश दोन्ही रद्द केले, आणि एका कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून या लोकांना देशद्रोही म्हणता येत नाही, असंही लिहिलं. निकाल आपल्या उच्च न्यायालयाचा आहे आणि आपल्याच कायद्यावरचा आहे. बारनिशीत, म्हणजे अर्ज घेतात त्या आवक-जावक टेबलावर, मी तो दोनदा काढून दाखवला, दोन्ही वेळा बोलण्याचा सूर बदलला.

अर्ज

किमान आठ दिवस आधी द्या. पंधरा दिवस असतील तर उत्तम, कारण स्मरणपत्राला वेळ मिळतो. अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे, प्रत परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना, आणि रस्त्यावरून चालत जाणार असाल तर वाहतूक शाखेला. लाऊडस्पीकर लावणार असाल तर त्याचा अर्ज वेगळा. कोर्ट नाक्याला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसायचं असेल तर निवेदन घ्यायला कोण येणार हे त्या कार्यालयाकडूनही लेखी घ्या, नाहीतर बायका उन्हात बसून राहतात आणि साहेब मीटिंगला गेलेले असतात.

मी लिहिते तो मजकूर साधारण असा:

‘आम्ही अमुक तारखेस सकाळी ११ ते दुपारी २ या वेळेत जिल्हाधिकारी कार्यालयासमोरील पदपथावर, वाहतुकीस अडथळा न करता, शांततेने बसणार आहोत. अंदाजे ६० महिला असतील. विषय: महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ खालील लाभ. कोणाकडेही काठी, दगड अथवा ज्वालाग्राही वस्तू नसेल. दहा स्वयंसेविका ओळखपट्टीसह असतील. जबाबदार व्यक्ती तीन, त्यांची नावे व दूरध्वनी खाली दिले आहेत. परवानगी नाकारायची अथवा अटी घालायच्या असल्यास कारणासह लेखी कळवावे, म्हणजे दाद मागता येईल.’

शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. तोंडी ‘नाही’ घेऊन कोर्टात जाता येत नाही. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही. पोलीस ठाण्यातला अंमलदार म्हणेल, ‘ठेवून जा, साहेब आले की बघतील.’ ठेवून यायचं नाही. बाकावर बसायचं. मी एकदा पावणेतीन तास बसले होते, स्वेटर विणत. ती पोच मिळाली म्हणूनच पुढे नोटिशीला उत्तर देता आलं.

अटी आल्या तर सगळ्याच नाकारू नका. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च ठाण्यातून मुंबईत शिरला तेव्हा आनंदनगर नाक्यावर आम्ही पाणी घेऊन उभ्या होतो. पायांना फोड आलेल्या बायका हसत चालल्या होत्या. त्या रात्री सायनच्या सोमय्या मैदानातून ते सगळे पहाटेपूर्वीच आझाद मैदानाकडे चालत गेले, सकाळी दहावीच्या मुलांची परीक्षा होती म्हणून. कुठली अट मानायची आणि कुठलीवर अडून बसायचं हे मी त्या रात्रीपासून त्यांच्यावरून ठरवते. परीक्षा, ॲम्ब्युलन्स, दवाखाना यांच्या अटी मान्य. ‘घोषणा देऊ नयेत’ ही अट अमान्य, आणि तेही लेखी.

यादी मागितली तर

इथे मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेक जण इथेच चुकतात.

शहरातल्या एका पोलीस ठाण्यात अर्ज दिल्यावर गोपनीय शाखेच्या हवालदारानं मला सांगितलं, ‘ताई, येणाऱ्या सगळ्या बायकांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर आणि आधारची झेरॉक्स द्या, म्हणजे परवानगीचं लगेच करू.’ बोलणं अगदी मायेचं. आमच्यातल्या एका उत्साही मुलीनं पिशवीतून हजेरीची वही काढलीसुद्धा. मी तिचा हात धरला.

आयोजक म्हणून तीन माणसांची नावं देणं योग्यच आहे, ती जबाबदारी आपली आहे. पण जमायला येणाऱ्या प्रत्येक नागरिकानं आधी आपली ओळख पोलिसांत जमा करावी, असं घटना म्हणत नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर बंधन आणायचं तर त्याला कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि गरजेपुरतंच प्रमाण लागतं. म्हणून मी तिथेच कागदावर लिहून दिलं: ‘आयोजकांची माहिती दिली आहे. सहभागी महिलांची यादी कोणत्या तरतुदीनुसार आवश्यक आहे ते लेखी कळवल्यास विचार करू.’ उत्तर कधी आलं नाही, परवानगी चौथ्या दिवशी आली. दर वेळी इतकं सरळ होईल असं नाही, पण कलम लेखी मागितलं की मागणी पुष्कळदा तिथेच थांबते.

आमची हजेरीवही आता जागेवर नेतच नाही. बायकांची नावं ज्या त्या वस्तीतल्या गटप्रमुखीला माहीत असतात, तिच्या डोक्यात. सह्यांचं निवेदन द्यायचं असेल तर सह्या आधी घेतो, मूळ कागद थेट अधिकाऱ्याच्या हातात देतो, आणि पोच फक्त पहिल्या पानावर घेतो. सह्यांच्या पानांचा फोटो कुणीही काढायचा नाही, आपणसुद्धा.

घरी विचारपूस करायला कुणी आलं तर आधी नाव, पोलीस ठाणं आणि बक्कल नंबर विचारा, वहीत वेळेसकट लिहा. दारातच बोला. घरात घ्यायची सक्ती नाही, शोधाचा अधिकार असेल तर तो कागदावर असतो. रात्री-अपरात्री दार ठोठावून ‘हजर आहे का बघायला आलो’ हे सर्वोच्च न्यायालयात खरक सिंग खटल्यात १८ डिसेंबर १९६२ लाच घटनाबाह्य ठरलं आहे. साक्षीदार म्हणून जबाबासाठी बोलवायचं तर लेखी नोटीस लागते, आणि महिलांना व ६० वर्षांवरच्या पुरुषांना राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९, हे आमच्या प्रत्येक बाईला पाठ आहे.

आदल्या संध्याकाळची नोटीस

धरण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सात-साडेसातला नोटीस येते. पूर्वी, जुन्या फौजदारी संहितेत, तिला ‘१४९ ची नोटीस’ म्हणायचो, आता नागरिक सुरक्षा संहितेत ती १६८ ची. मजकुराचा आशय एकच असतो: तुमच्याकडून दखलपात्र गुन्हा घडल्यास तुम्हाला जबाबदार धरण्यात येईल. नवीन माणसाचे पाय थरथरतात. नोटीस म्हणजे गुन्हा नोंदवला असं नाही, ती ताकीद आहे. घ्या. सहीबरोबर ‘प्रत मिळाली’ एवढंच लिहा, खाली तारीख आणि वेळ. कोऱ्या कागदावर किंवा ‘मी आंदोलन करणार नाही’ अशा मजकुरावर सही करू नका. रात्रीच दोन ओळींचं उत्तर तयार करा, की कार्यक्रम शांततेचा आहे, अर्जाची पोच सोबत जोडली आहे. आणि सकाळी निघण्याआधी बारनिशीत द्या.

फोन

‘ताई, माझा फोन टॅप होत असेल का?’ हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त येतो. संभाषण ऐकण्यासाठी गृहसचिवांच्या पातळीवरचा लेखी आदेश लागतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये ही चौकट घालून दिली आणि मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ती मोडून दिलेले आदेश रद्दही केले. तेव्हा टॅपिंगच्या विचारानं झोप घालवू नका. काळजी करायची ती सोप्या गोष्टींची. कुणी कुणाला कधी फोन केला याचा सीडीआर, कुठल्या टॉवरखाली कुठले फोन होते याची यादी, आणि हातात सापडलेला उघडा फोन. याला कुणाचं संभाषण ऐकावं लागत नाही.

म्हणून आमच्याकडे बहुतेक जणी फोन घरी ठेवतात. तसाही तो फोन मुलांच्या शाळेचा, नवऱ्याचा आणि तिचा मिळून एकच असतो. गटामागे एक फोन पुरतो, तो गटप्रमुखीकडे. त्या फोनवर आदल्या रात्री काय करायचं ते सांगते. बोटाचं आणि चेहऱ्याचं कुलूप बंद करून सहा आकडी पासवर्ड टाका, कारण बोट धरून लावता येतं. बंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणार नाही असं करा. लोकेशन बंद. धरण्यासाठी केलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू करा, आणि कार्यक्रम झाला की ग्रुप मोडा. ग्रुपमध्ये फक्त वेळ, जागा, पाणी, बस एवढंच. कोण येणार नाही, का येणार नाही, कुणाची मॅडम काय म्हणाली, हे ग्रुपवर नको.

वकिलाचा नंबर फोनमध्ये ठेवून उपयोग नाही, फोन काढून घेतला तर गेला. बॉलपेननं डाव्या हाताच्या मनगटावर आतल्या बाजूला लिहा. घामानं पुसतो, म्हणून दुपारी पुन्हा एकदा गिरवा.

जागेवर

कोर्ट नाक्याला आम्ही बसतो तेव्हा समोर खांबावरचे कॅमेरे असतात, बंदोबस्तातला एक शिपाई व्हिडिओ घेत असतो, साध्या कपड्यातले दोघे चहाच्या टपरीशी उभे असतात. मोठ्या मोर्चाला वर ड्रोनही असतो. बंदोबस्ताचं चित्रीकरण होणार हे धरूनच चला. पण चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर आल्यापासून त्या चित्रीकरणाचा अर्थ बदललाय. ११ मार्च २०२० ला केंद्रीय गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं, की दिल्लीच्या दंगलीत मतदार ओळखपत्र आणि वाहन परवान्यांची माहिती सॉफ्टवेअरला देऊन ११०० हून जास्त लोक ओळखले. तो प्रसंग दंगलीचा होता. पण मत द्यायला काढलेला फोटो दुसऱ्याच कामाला वापरता येतो हे त्यातून सगळ्यांना कळलं. दंगलीसाठी वापरलेलं हत्यार शांत बसलेल्या बाईवर वापरायचं नाही, हे कुठल्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं मला सापडलेलं नाही. म्हणूनच मला हा विषय इतका लागतो.

आमचा बसण्याचा क्रम असा: ज्यांना फोटो चालतो त्या पुढच्या दोन रांगांत, त्यांच्या खांद्याला केशरी फीत. बाकीच्या बॅनरच्या मागे. उन्हासाठी पदर किंवा ओढणी डोक्यावरून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. पत्रकार आले की एक स्वयंसेविका पुढे होऊन सांगते, ‘दादा, फीत असलेल्यांचेच जवळून फोटो घ्या, बाकीच्यांची कामं जातील.’ आजवर एकाही पत्रकारानं नाही म्हटलेलं नाही. आमचे स्वतःचे फोटो पाठीमागून, फलकांचे, हातांचे. हात पुरेसे बोलतात. भांडी घासून फाटलेल्या बोटांचा फोटो बघून एका अधिकाऱ्यानं निवेदन पुन्हा वाचायला घेतलं होतं. फोटो टाकताना तो व्हॉट्सअ‍ॅपवरून डॉक्युमेंट म्हणून पाठवू नका, त्यात जागा आणि वेळ तशीच राहते.

एक फोन मात्र सुरू ठेवा. एकीनं लांब उभं राहून सगळं चित्रित करायचं, बायकांच्या पाठीमागून, पोलिसांच्या दिशेनं, काही न बोलता. ‘पोलिसांचं शूटिंग करता येत नाही’ असं कुणी म्हटलं तर वाद घालू नका, चार पावलं मागे सरा आणि चालू ठेवा. पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, त्यामुळे तिथलं चित्रीकरण त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, असं नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये म्हटलं आहे. मग रस्ता तर रस्ताच.

अनोळखी कुणी येऊन फारच जोरात घोषणा द्यायला लागला, दगड, जाळपोळ असलं बोलायला लागला, तर स्वयंसेविकांनी लगेच त्याच्याभोवती खाली बसायचं. सगळ्या बसल्या की उभा असलेला एकटा दिसतो.

गाडीत घेतलं तर

चढताना ओढाताण नको. बसतानाच मोठ्यानं विचारा, ‘आम्हाला अटक आहे की ताब्यात घेताय? कुठल्या कलमाखाली?’ या एका प्रश्नावर पुढचं पुष्कळ अवलंबून आहे. बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ६८ आणि ६९ लावतात आणि संध्याकाळी सोडतात. त्यात २४ तासांच्या पुढे ठेवता येत नाही. अटक असेल तर कारणं लेखी, आणि आपल्याला समजेल त्या भाषेत मिळाली पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं, आणि तो खटला महाराष्ट्रातलाच होता. नातेवाइकाला कळवणं, वकिलाला भेटू देणं, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेणं हे सगळं आहेच. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण आणि महिला अधिकारी लागते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पोलीस ठाण्यात बोटांचे ठसे, फोटो, डोळ्यांचं स्कॅन मागितलं तर काय? २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्यानं ही मोजमापं ७५ वर्षं साठवण्याची सोय केली आहे. पंचविशीतल्या मुलीचे ठसे ती शंभरीची होईपर्यंत. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या नियमांनी एक दार बंद केलंय: जमावबंदीचा भंग किंवा प्रतिबंधात्मक अटक एवढंच कारण असेल, दुसरा कुठला गुन्हा नसेल, तर मोजमापं घ्यायची नाहीत. नियमात जुनी कलमं आहेत, १४४ आणि १५१. आजची १६३ आणि १७०. हा नियम छापून प्रत्येक गटप्रमुखीच्या पर्समध्ये ठेवलाय. तरीही कुणी हात धरलाच तर झटापट करू नका, कारण विरोध हाच वेगळा गुन्हा होतो. ‘माझी हरकत नोंदवा’ म्हणा, स्टेशन डायरीत नोंद मागा, आणि बाहेर आल्यावर त्याच दिवशी वकिलामार्फत लेखी द्या.

फोन घेतला तर पंचनामा आणि त्याची प्रत. जप्तीचं चित्रीकरण करणं आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं पोलिसांवर बंधनकारक आहे. पासवर्ड सांगायचा का, या प्रश्नावर न्यायालयांचं एकमत नाही, म्हणून उत्तर एकच: ‘वकील आले की बोलते.’

घरी आल्यावर

दमलेलो असतो, पण त्याच रात्री अर्धा तास बसायचं. कोण किती वाजता, कुठल्या गाडीत, कुठल्या अधिकाऱ्यानं काय म्हटलं, बक्कल नंबर, सगळं वहीत. आपल्या बायकांची नावं मात्र आद्याक्षरानंच लिहायची.

कुणाला ताब्यात घेतलं असेल तर दुसऱ्याच दिवशी त्या पोलीस ठाण्याला पत्र द्या, की अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशानं प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे आणि १८ महिन्यांची साठवण अपेक्षित आहे. ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या. शिवीगाळ, मारहाण झाली असेल तर रात्रीच सिव्हिल हॉस्पिटलला जाऊन तपासून घ्या, नीळ दुसऱ्या दिवशी फिकी होते.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे १५० शब्दांच्या आत. आमच्या बंदोबस्ताचं चित्रीकरण कुणाच्या आदेशानं झालं, ते किती काळ ठेवणार, कुणाच्या ताब्यात आहे, चेहरे ओळखण्याच्या प्रणालीत ते वापरलं का, वापरलं असल्यास कुठल्या तरतुदीनुसार. ‘गोपनीय आहे’ एवढंच उत्तर आलं तर कुठल्या कलमाखाली ते विचारत ३० दिवसांत पहिलं अपील करा. गुप्तवार्ता शाखांना कायद्यात सूट देता येते, पण मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या माहितीला ती सूट नाही.

पहिल्यांदा असा अर्ज केला तेव्हा मला दीड ओळीचं उत्तर आलं, अपिलात सव्वा पानाचं. त्या सव्वा पानात लिहिलं होतं की चित्रीकरण ‘कायदा व सुव्यवस्थेच्या दृष्टीने’ केलं आणि किती काळ ठेवायचं याबाबत स्वतंत्र आदेश नाही. तो कागद सहाव्या फाइलीत आहे. पुढच्या परवानगीच्या अर्जात आम्ही एक परिच्छेद वाढवला: कार्यक्रम शांततेत पार पडल्यास चित्रीकरण तीन महिन्यांत नष्ट करून तसं कळवावं. अजून कुणी कळवलेलं नाही. सातव्या फाइलीतही तो परिच्छेद आहे, आठवीचा अर्ज काल रात्री लिहिला, त्यातही घातलाय. आत्यानं वाचून घेतला आणि खाली तिसरी जबाबदार व्यक्ती म्हणून स्वतःचं नाव लिहायला सांगितलं, पूर्ण पत्त्यासकट.